ओरॅकल डीबीएचे सर्टिफिकेशन: कोणते, केव्हा, आणि तयारी कशाची

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका सपोर्ट प्रोजेक्टवर ओरॅकल डेटाबेसचे एल-वन (पहिल्या पातळीच्या सपोर्टचे) काम, शिफ्टमध्ये, दोन वर्षे झाली. अलर्ट बघायचे, टेबलस्पेस (टेबले ठेवायची जागा) भरली की डेटाफाइल जोडायची, बॅकअपचा जॉब पडला की पुन्हा लावायचा, तिकीट बंद करायचे, याच्या पुढचे काही हाताला लागत नाही. आता एल-टूला, म्हणजे वरच्या पातळीवर, जायचे आहे. तर ओसीपी (ओरॅकल सर्टिफाइड प्रोफेशनल) हे सर्टिफिकेट करावे का, क्लास लावावा का, की ओरॅकल सोडून सरळ पोस्टग्रेस (खुल्या स्रोताचा डेटाबेस) किंवा क्लाउडकडे वळावे?

ओसीपी करा. पण परीक्षेची तारीख घ्यायची ती रिस्टोअरवर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणण्यावर, हात बसल्यानंतर. सर्टिफिकेटमुळे तुमचा सीव्ही एचआरच्या चाळणीतून पुढे सरकतो, त्याचे काम तिथे संपते. तांत्रिक फेरी घेणारा माणूस स्वतः डीबीए (डेटाबेस सांभाळणारा प्रशासक) असतो. समोरच्याने कंट्रोल फाइल (डेटाबेसच्या सगळ्या फाइलींची नोंद ठेवणारी फाइल) खरोखर घालवून परत आणली आहे, की त्यावरचे चार पर्याय फक्त वाचले आहेत, हे त्याला दहा मिनिटांत कळते. म्हणून परीक्षेचा अधिकृत अभ्यासक्रम अनुक्रमणिकेसारखा वापरा आणि त्यातला प्रत्येक मुद्दा मशीनवर करून बघा. अशी तयारी झाली की परीक्षेसाठी वेगळे फारसे काही उरत नाही.

कोणती परीक्षा

१९सी आवृत्तीच्या ओसीपीला दोन परीक्षा आहेत, १झेड०-०८२ आणि १झेड०-०८३. ०८२मध्ये अनुभवी लोकही गडबडतात, कारण तिच्यात प्रशासनाबरोबर एसक्यूएलचा भाग भरपूर आहे. दोन वर्षे अलर्ट बघितलेल्या माणसाला इन्स्टन्स (मेमरीत चालणारा भाग) आणि डेटाबेस (डिस्कवरच्या फाइली) यांतला फरक झोपेतही सांगता येतो. पण 'नॉट इन'च्या आतल्या सबक्वेरीत एक जरी नल (रिकामी किंमत) आला तर एकही ओळ परत येत नाही, हे आठवत नाही. चढत्या क्रमाने लावल्यावर ओरॅकल नल शेवटी ठेवते, नॅचरल जॉइनमधल्या सामाईक कॉलमला टेबलचे नाव लावले की एरर येते, कुठलाही डीडीएल (टेबलची रचना बदलणारी कमांड) चालवला की आधीचे काम आपोआप कमिट, म्हणजे पक्के, होते, असल्या गोष्टींवर गुण जातात. एसक्यूएलला तीन आठवडे द्या, पुस्तक न वाचता क्वेऱ्या लिहून.

०८३ हा खरा डीबीएचा पेपर. बॅकअप-रिकव्हरी, सीडीबी-पीडीबी (एका मोठ्या कंटेनर डेटाबेसमध्ये अनेक छोटे डेटाबेस), इन्स्टॉलेशन, अपग्रेड, पॅचिंग, ट्यूनिंग, आणि वर १२सी रिलीज २ ते १९सी या आवृत्त्यांत आलेल्या नव्या सोयींचा एक पसरट भाग. या शेवटच्या भागातले बरेच काही प्रत्यक्ष कामात कधी भेटत नाही. तो तेवढा पाठ करावा लागतो, त्याला इलाज नाही.

नव्या आवृत्तीची, म्हणजे २३एआयची (ऑक्टोबर २०२५पासून ती २६एआय या नावाने येते), परीक्षा आधी द्यावी का? तुमच्या प्रोजेक्टवर जी आवृत्ती चालते ती आधी. १९सीला प्रीमियर सपोर्ट ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे, त्यामुळे बँका आणि मोठ्या कंपन्या तिच्यावरून घाईने उठणार नाहीत. एक मात्र आत्ताच पक्के करा: २१सीपासून जुनी, सीडीबी नसलेली रचना बंद झाली आहे. प्रोजेक्टवर जुनी रचना असली तरी घरचा सराव मल्टिटेनंटवर, म्हणजे सीडीबी-पीडीबीच्या रचनेवरच, करायचा.

घरची लॅब

१६ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि एसएसडी पुरते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक मशीन: २ सीपीयू, ६ ते ८ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क. शिकण्यासाठी १९सीची एंटरप्राइझ आवृत्ती ओरॅकलच्या साइटवरून उतरवता येते, फक्त डाउनलोडपूर्वीच्या लायसनच्या अटी वाचून मान्य करा. ती प्रॉडक्शनसाठी नाही.

इथे पहिला खड्डा लागतो. साइटवर मिळते ती १९.३, म्हणजे २०१९ची मूळ प्रत. ती ओरॅकल लिनक्स ८ ओळखत नाही, आणि इन्स्टॉलर सुरुवातीलाच ऑपरेटिंग सिस्टीमच्या तपासणीवर अडतो. सीव्ही-अझ्यूम-डिस्टआयडी हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ओईएल७.८ असा देऊन पुढे जाता येते. किंवा फक्त लॅबपुरते ओरॅकल लिनक्स ७.९ वापरा, डोकेदुखी कमी. १८सीपासून झिप फाइल थेट ओरॅकल होममध्येच उघडायची असते. ती दुसरीकडे उघडून आतल्या फोल्डरमधून इन्स्टॉलर चालवला तर तेच फोल्डर होम ठरते, आणि नंतर ते हलवले की इन्व्हेंटरी बिघडते. आधी प्रीइन्स्टॉलचे पॅकेज टाका; युजर, ग्रुप आणि कर्नल पॅरामीटर ते लावून देते. होस्टनेम होस्ट्स फाइलमध्ये लिहायला विसरलात तर लिसनर (बाहेरून येणारी कनेक्शन घेणारा प्रोग्राम) रुसतो.

डेटाबेस बनवताना मेमरी टार्गेट (एकूण मेमरीची एकच मर्यादा) वापरले आणि स्टार्टअपला ओआरए-००८४५ हा एरर आला, तर मशीनची मेमरी कमी आहे असे समजून रॅम वाढवत बसू नका. शेअर्ड मेमरीची फाइल सिस्टीम, म्हणजे डेव्ह-एसएचएम, लहान पडते आहे. ती मोठी करून पुन्हा माउंट करा, नाहीतर मेमरी टार्गेट काढून एसजीए टार्गेट (सामाईक मेमरी) आणि पीजीए ॲग्रिगेट टार्गेट (सेशनची खासगी मेमरी) वेगळे द्या. ह्यूज पेजेसबरोबर (लिनक्सची मोठ्या तुकड्यांची मेमरी) मेमरी टार्गेट चालत नाही, म्हणून मोठ्या प्रॉडक्शन मशीनवर तुम्हाला हीच दुसरी मांडणी दिसेल.

ज्यांचा लॅपटॉप ८ जीबीचाच आहे त्यांनी फ्री आवृत्ती घ्यावी. तिला २ सीपीयू, २ जीबी मेमरी आणि १२ जीबी डेटा अशी मर्यादा आहे. आरमॅन (ओरॅकलचे बॅकअप-रिकव्हरीचे साधन) आणि पीडीबीच्या सरावाला एवढे भागते.

पीडीबी बनवल्यावर तो उघडून स्टेट सेव्ह करा. हे राहिले की मशीन रीस्टार्ट झाल्यावर सीडीबी उघडतो, पीडीबी माउंटवर, म्हणजे न उघडता, बसून राहतो, आणि 'ॲप्लिकेशन कनेक्ट होत नाही' अशी तक्रार येते. प्रॉडक्शनलाही नेमके असेच घडते.

रिकव्हरीचा सराव

अर्धा वेळ इथे घाला. रोज दोन तास मिळत असतील तर आठवड्यातले तीन दिवस फक्त मोडणे आणि जोडणे. आधी डेटाबेस आर्काइव्हलॉग मोडमध्ये (यात बदलांचे जुने लॉग जपले जातात) आणा, कारण डीबीसीएमध्ये (डेटाबेस बनवायच्या ओरॅकलच्या साधनात) तो पर्याय निवडला नसेल तर तो नोआर्काइव्हलॉगमध्येच असतो. मग पूर्ण बॅकअप घ्या, व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घ्या, आणि सुरू करा.

पहिला प्रयोग: चालू डेटाबेसची युजर्स टेबलस्पेसची डेटाफाइल लिनक्सवरून उडवा. पुष्कळ जण इथे चक्रावतात, कारण काहीच होत नाही. इन्सर्ट चालतो, सिलेक्ट चालतो. फाइलचे नाव गेले तरी डेटाबेस रायटरने ती आधीच उघडून धरलेली असते, आणि लिनक्स तिची जागा तोवर सोडत नाही. वर डेटाचे ब्लॉक बफर कॅशमध्येही (मेमरीतल्या प्रतीत) असतात. बफर कॅश फ्लश करा आणि नवीन सेशन उघडून त्या टेबलवर क्वेरी चालवा. मग ओआरए-०१११६, ओआरए-०१११० आणि ओआरए-२७०४१ ही साखळी मिळेल. ती खालून वर वाचायची सवय लावा: सर्वांत खालची ओळ ऑपरेटिंग सिस्टीमचे कारण सांगते, मधली फाइलचा नंबर आणि नाव देते.

आता फाइल ऑफलाइन करा. रूटमधून (सीडीबीच्या मुख्य कंटेनरमधून) ऑफलाइनची कमांड दिलीत तर ओआरए-०१५१६ येईल, असली फाइलच नाही म्हणून. फाइल पीडीबीची आहे, कमांड पीडीबीत जाऊन द्यायची. नंतर आरमॅनमधून त्या नंबरची डेटाफाइल रिस्टोअर, मग रिकव्हर (बॅकअपनंतरचे बदल लॉगमधून लावणे), आणि पुन्हा पीडीबीत जाऊन ऑनलाइन. डेटाबेस एक क्षणही बंद करावा लागत नाही. हाच प्रयोग रूटच्या सिस्टीम टेबलस्पेसवर करा, तिथे सगळा सीडीबी माउंटवर न्यावा लागतो. दोन्ही वेळचे घड्याळ लिहून ठेवा.

दुसरा: कंट्रोल फाइल. दोन प्रतींतली एकच गेली असेल तर रिस्टोअर लागत नाही. डेटाबेस बंद करा, जिवंत प्रत गेलेल्या जागी कॉपी करा, सुरू करा. ओआरए-००२०५ दिसला की घाबरून थेट बॅकअपकडे धावणारे उमेदवार मुलाखतीत इथेच पडतात. सगळ्या प्रती गेल्या असतील तर नोमाउंटला (फक्त इन्स्टन्स चालू, अशा स्थितीत) आणा, ऑटोबॅकअपमधून कंट्रोल फाइल रिस्टोअर करा, माउंट करा, रिकव्हर डेटाबेस, आणि रीसेटलॉग्स (लॉग नव्याने सुरू करणारा पर्याय) देऊन उघडा. ऑटोबॅकअप रिकव्हरी एरियात (बॅकअप आणि लॉगसाठी ठरवलेल्या जागेत) नसेल आणि कॅटलॉगही (बॅकअपच्या नोंदींचा वेगळा डेटाबेस) नसेल तर डीबीआयडी (डेटाबेसचा ओळख क्रमांक) द्यावा लागतो. तो डेटाबेस जिवंत असतानाच रनबुकमध्ये लिहिलेला हवा. आरमॅनमधून रिकव्हर केले तर डिस्कवर असलेले ऑनलाइन रिडू लॉग (ताज्या बदलांच्या नोंदी) ते स्वतः शोधून लावते. एसक्यूएलप्लसमधून केले तर शेवटी रिडू फाइलचे नाव हाताने द्यावे लागते. ते न देता रिकव्हरी सोडून दिली तर शेवटचे कमिट गमावाल.

तिसरा, युजरने उडवलेला डेटा. तक्रार आली की आधी विचारा: ड्रॉप (टेबलच काढले), डिलीट (ओळी काढल्या) की ट्रंकेट (टेबल एकदम रिकामे केले)? ड्रॉप असेल आणि पर्ज (कायमचे काढायचा पर्याय) दिले नसेल तर रिसायकल बिनमधून टेबल काही सेकंदांत परत येते. डिलीट करून कमिट केले असेल तर फ्लॅशबॅक क्वेरी (डेटाची मागच्या वेळची स्थिती दाखवणारी), पण अनडू रिटेन्शनचा (जुना डेटा जपायच्या मुदतीचा) डिफॉल्ट ९०० सेकंदांचा आहे. तक्रार दोन तासांनी आली तर ओआरए-०१५५५ (जुना डेटा आता उरला नाही) मिळण्याची शक्यताच जास्त. ट्रंकेटला हे दोन्ही चालत नाहीत. तिथे आरमॅनचे रिकव्हर टेबल वापरता येते, पण ते पडद्यामागे सिस्टीम, सिसॉक्स, अनडू आणि त्या टेबलची टेबलस्पेस एका तात्पुरत्या इन्स्टन्समध्ये उभी करते. ऑक्झिलरी डेस्टिनेशनला (त्या इन्स्टन्सच्या फोल्डरला) तेवढी जागा नसेल तर अर्ध्यावर पडते. जागेचा हिशेब आधी करा.

रिडू लॉगचा सरावही करा. रिडू फाइलींचा निष्क्रिय ग्रुप गेला तर तो क्लिअर करता येतो. चालू ग्रुपचे सगळे मेंबर (प्रती) गेले आणि इन्स्टन्सही पडला, तर त्यातले कमिट झालेले व्यवहार परत येत नाहीत, रिकव्हरी अपूर्णच राहते. दोन डिस्कवर मेंबर का ठेवायचे हे त्या दिवशी पटते.

बॅकअप आहे आणि तो चालतो, या दोन वेगळ्या गोष्टी. रिस्टोअर डेटाबेस प्रिव्ह्यू फक्त बॅकअपचे कोणते पीस (तुकडे) लागतील त्याची यादी देते. रिस्टोअर डेटाबेस व्हॅलिडेट ते पीस खरोखर वाचून बघते, काही लिहीत नाही. पण तेवढ्याने आर्काइव्ह लॉग तपासले जात नाहीत, त्यांचे व्हॅलिडेट वेगळे चालवावे लागते. आणखी एक चूक सर्रास दिसते: बॅकअपचे रिटेन्शन (जपायची मुदत) १४ दिवसांचे ठेवलेले, कॅटलॉग नाही, आणि कंट्रोल फाइल रेकॉर्ड कीप टाइम मात्र डिफॉल्ट ७ दिवसांवरच. बॅकअप टेपवर असतो, पण कंट्रोल फाइलमधली त्याची नोंद पुसली गेलेली असू शकते.

रोजच्या तिकिटांतून शिकण्यासारखे

तुमच्या शिफ्टमध्ये रिकव्हरी एरिया भरल्याचे तिकीट नक्की येत असणार. अलर्ट लॉगमध्ये ओआरए-१९८१५, मग ओआरए-१९८०९, आणि ॲप्लिकेशनला ओआरए-००२५७. घाईत आर्काइव्ह लॉग ऑपरेटिंग सिस्टीमवरून उडवणारे लोक आहेत, काही ठिकाणी एसओपीतही (ठरलेल्या कार्यपद्धतीत) तसेच लिहिलेले असते. डिस्क रिकामी दिसते, डेटाबेस मात्र अडलेलाच राहतो, कारण एरियाचा हिशेब कंट्रोल फाइलमध्ये असतो आणि तिला फाइली गेल्याचा पत्ताच नसतो. आर्काइव्ह लॉगचे क्रॉसचेक आणि मग डिलीट एक्स्पायर्ड केल्यावर तो मोकळा होतो. तोवर ज्या लॉगचा बॅकअप झाला नव्हता त्यांच्याबरोबर रिकव्हरीची साखळीही तुटलेली असते, आणि स्टँडबाय (दुसऱ्या सर्व्हरवरची राखीव प्रत) असेल तर तिथे गॅप पडतो. बरोबर क्रम असा: डिस्कवर जागा असेल तर रिकव्हरी एरियाची मर्यादा तात्पुरती वाढवून डेटाबेस मोकळा करा, आर्काइव्ह लॉगचा बॅकअप घ्या, आरमॅनमधूनच काढा, मर्यादा परत खाली आणा. आणि लॉग अचानक इतके का वाढले ते शोधा. बहुतेकदा एखादा मोठा बॅच जॉब असतो किंवा बॅकअपचा जॉब चार दिवसांपासून गुपचूप पडत असतो.

पॅचिंग घरी धड शिकता येत नाही. रिलीज अपडेट दर तिमाहीला, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येतात, पण ते माय ओरॅकल सपोर्टवरून सपोर्टचा करार असलेल्यालाच मिळतात. म्हणून ऑफिसमधल्या टेस्ट सर्व्हरचे पॅचिंग मागून घ्या. दोन गोष्टी हमखास चुकतात. ओपॅच (पॅच लावायचे साधन) स्वतःच जुना असतो आणि तपासणीतच अडवतो. तो आधी बदलायचा. दुसरी, ओपॅच झाले की काम झाले असे समजून डेटापॅच (पॅचमधले बदल डेटाबेसच्या आत लावणारी पायरी) राहते, किंवा डेटापॅच चालवताना एखादा पीडीबी बंद असतो. तो पीडीबी नंतर उघडला की रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये उघडतो आणि साध्या युजरला आत घेत नाही. पीडीबी प्लग-इन व्हायोलेशन्स हा व्ह्यू बघा, कारण तिथे स्पष्ट लिहिलेले असते.

डेटा गार्ड (स्टँडबाय ताजा ठेवणारी ओरॅकलची सोय) हा एल-वन आणि एल-टू यांच्यामधला उंबरठा म्हणायला हरकत नाही. प्रत्येकी ४ जीबीच्या दोन मशीनवर तो उभा राहतो, हळू चालतो एवढेच. फोर्स लॉगिंग चालू करा. स्टँडबाय रिडू लॉग ऑनलाइनएवढ्याच आकाराचे आणि ग्रुपच्या संख्येने एक जास्त ठेवा. पासवर्ड फाइल प्रायमरीवरून कॉपी करा. ब्रोकरने (डेटा गार्ड हाताळणाऱ्या साधनाने) स्विचओव्हर, म्हणजे प्रायमरी आणि स्टँडबायची अदलाबदल, करताना ओआरए-१२५१४ येऊन मध्येच अडकला, तर लिसनरमध्ये ब्रोकरसाठीची स्टॅटिक नोंद तपासा. बंद पडलेल्या इन्स्टन्सला सुरू करायला तीच लागते. तुमचा प्रोजेक्ट बँकेचा असेल तर सोन्यासारखी संधी आहे. रिझर्व्ह बँकेचे आयटी गव्हर्नन्सचे निर्देश १ एप्रिल २०२४पासून लागू आहेत, आणि त्यांनुसार महत्त्वाच्या यंत्रणांचे डीआर ड्रिल (आपत्तीत दुसऱ्या जागेवरून काम सुरू करायचा सराव) किमान सहामाहीला व्हावेच लागते. ड्रिल शनिवारी रात्री असते आणि कोणी खुशीने थांबत नाही. तुम्ही थांबा. पहिल्या वेळी फक्त वेळा टिपायचे काम मागा, दुसऱ्या वेळी कमांड द्यायला मिळतील.

ट्यूनिंगच्या अभ्यासात एडब्ल्यूआर (डेटाबेसच्या कामगिरीचा रिपोर्ट) येईलच. तो शिका, पण एवढे लक्षात ठेवा की त्याला डायग्नोस्टिक्स पॅकचे वेगळे लायसन लागते आणि एंटरप्राइझ आवृत्तीत तो डिफॉल्टने उघडा असतो. लायसन नसताना रिपोर्ट काढला तरी डेटाबेस अडवत नाही, वापराची नोंद मात्र ठेवतो आणि ती ऑडिटमध्ये निघते. नव्या क्लायंटकडे गेल्यावर कंट्रोल मॅनेजमेंट पॅक ॲक्सेसची किंमत बघा आणि परवानगी विचारा. लायसन नसेल तिथे स्टॅट्सपॅक आहे.

क्लास आणि डंप

क्लास लावायला हरकत नाही, शिस्त लागते. पण पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. प्रत्येकाला स्वतःचे मशीन मिळते की सर स्क्रीनवर दाखवतात? रिकव्हरीला एकूण किती तास? आर्काइव्ह लॉग हरवल्याचा, कंट्रोल फाइल गेल्याचा प्रसंग विद्यार्थी स्वतः सोडवतो का? उत्तरे गुळमुळीत आली तर उठा. 'ओसीपीसाठी आमचा कोर्स लागतोच' असे सांगितले तर सर्टिफिकेशनच्या अधिकृत पानावर तुमच्या मार्गाची अट वाचा. जिथे कोर्सची अट असते तिथे ती ओरॅकल युनिव्हर्सिटीने मान्य केलेल्या कोर्सची असते, गल्लीतल्या क्लासची नाही.

'पास गॅरंटी' म्हणजे डंप (परीक्षेतून फोडलेले प्रश्न आणि उत्तरे), दुसरे काही नाही. नीतीचे एक वेळ बाजूला ठेवा, तो व्यवहारही तोट्याचा आहे. डंपमधली बरीच उत्तरे चुकीची असतात, परीक्षेपूर्वी तुम्ही जो करार मान्य करता त्याचा तो भंग असतो, आणि पकडले गेल्यास निकाल रद्द होऊन आधीची सर्टिफिकेटेही काढून घेतली जाऊ शकतात. सरावासाठी प्रश्न हवेतच, तर ज्यात प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा ते समजावले आहे असे अधिकृत संच घ्या.

परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. 'दोन निवडा' म्हटले असेल तर दोन्ही बरोबर असले तरच गुण, एकाला अर्धा मिळत नाही. प्रश्नात पॅरामीटरची किंमत, आर्काइव्ह मोड आणि कोणत्या कंटेनरमध्ये जोडलेले आहात हे आधी बघा. बहुतेक सापळे या तीन ओळींत असतात. स्कोप बोथ (आत्ता आणि पुढेही) देऊन स्टॅटिक, म्हणजे रीस्टार्टशिवाय न बदलणारा, पॅरामीटर बदलायला गेल्यास ओआरए-०२०९५ येतो, हा त्यातला आवडता. नापास झालात तर तीच परीक्षा पुन्हा देण्याआधी १४ दिवस थांबावे लागते.

नावाची काळजी आपल्याकडे विशेष घ्यावी लागते. एका ओळखपत्रावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचे नाव मध्ये, लग्नानंतर पॅनवर एक आणि पासपोर्टवर दुसरे, असा प्रकार घरोघरी असतो. जे ओळखपत्र दाखवणार त्यावरचे नाव आणि आडनाव खात्यात जसेच्या तसे हवे, नाहीतर परीक्षा सुरूच होत नाही. दुरुस्ती बुकिंगच्या आधी करून घ्या. घरून देणार असाल तर टेबल रिकामे, दुसरा मॉनिटर काढलेला, फोन हातापासून लांब, खोलीत कोणी येणार नाही याची तंबी, आणि राउटर इन्व्हर्टरवर. कंपनीच्या लॅपटॉपवर देऊ नका. त्यातले सुरक्षेचे सॉफ्टवेअर प्रॉक्टरिंगच्या (परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या) ॲपला अडवते.

मायक्रोसॉफ्ट आणि पोस्टग्रेस

एसक्यूएल सर्व्हरची एमसीएसए-एमसीएसई ही जुनी मालिका ३१ जानेवारी २०२१ला बंद झाली. आता डीपी-३०० ही परीक्षा आहे. नावावरून ती एसक्यूएल सर्व्हरची वाटते, पण भर ॲझ्युरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) आहे: मॅनेज्ड इन्स्टन्स, फेलओव्हर ग्रुप, इलॅस्टिक पूल. १०००पैकी ७०० लागतात. सर्टिफिकेट वर्षभरच चालते. संपण्याच्या सहा महिने आधीपासून ऑनलाइन चाचणी देऊन फुकट वाढवता येते. तारीख चुकली तर पूर्ण परीक्षा पुन्हा, पैसे भरून. ॲझ्युरवर काम नसेल तर सध्या या वाटेला जाऊ नका. ॲमेझॉनची डेटाबेस स्पेशालिटी परीक्षा तर ३० एप्रिल २०२४ला बंद झाली, ती अजूनही शिकवणारे क्लास दिसले तर समजून घ्या.

पोस्टग्रेसला प्रकल्पाकडून दिले जाणारे अधिकृत सर्टिफिकेट नाही. ईडीबीसारख्या कंपन्या आपापली देतात. इथे मुलाखतीत कागदाला फार वजन नाही, कामाला आहे. ओरॅकलच्या बरोबरीने, आठवड्याचा एक दिवस, पोस्टग्रेस नक्की ठेवा, कारण ओरॅकलवरून तिकडे जाणारे प्रोजेक्ट पुष्कळ आहेत आणि त्यांना दोन्ही बाजू कळणारा माणूस हवा असतो. पीजी-डंपला (डेटा फाइलीत उतरवणाऱ्या कमांडला) बॅकअप समजून थांबू नका. पीजी-बेसबॅकअप (डेटाबेसच्या सगळ्या फाइलींची प्रत) घ्या, वॉल (ओरॅकलच्या रिडूसारखे बदलांचे लॉग) आर्काइव्ह करा, आणि ठरावीक वेळेपर्यंत रिकव्हरी करून दाखवा. जुन्या लेखांतली रिकव्हरी-कॉन्फ फाइल आवृत्ती १२पासून गेली. आता सेटिंग मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये आणि सोबत रिकव्हरी-सिग्नल नावाची रिकामी फाइल. आर्काइव्ह कमांड गुपचूप अपयशी होत राहिली, किंवा एखादा रेप्लिकेशन स्लॉट (प्रत घेणाऱ्या सर्व्हरसाठी वॉल राखून ठेवणारी नोंद) कोणी वापरत नसताना तसाच पडून राहिला, की वॉलची डिरेक्टरी भरते आणि सर्व्हर पडतो. रिकव्हरी एरिया भरल्याच्या तुमच्या तिकिटाचाच हा भाऊ. फरक एवढाच की ओरॅकल अडून थांबते, इथे सर्व्हर पॅनिक होऊन बंद होतो. आणि वॉल फाइली हाताने उडवणे दोन्हीकडे सारखेच महागात पडते.

सीव्हीवर काय लिहायचे

'आरमॅनचे उत्तम ज्ञान' ही ओळ काढून टाका. त्याऐवजी केलेले काम मापासकट लिहा: किती जीबीचा डेटाबेस, कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या प्रकारचा बिघाड, रिस्टोअरला किती मिनिटे, त्यातली रिकव्हरीची किती. लॅबमधले असेल तर लॅब असेच लिहा. मुलाखत घेणारा दुसऱ्या प्रश्नाला ओळखतोच, आणि लॅबमध्ये स्विचओव्हर केलेला उमेदवार त्याला चालतो. ऑफिसमधले लिहिताना क्लायंटचे नाव, सर्व्हरची नावे, आयपी पत्ते यांतले काहीही बाहेर जाऊ देऊ नका. 'खासगी बँक, ओएलटीपी, २ टीबी' एवढे पुरते (ओएलटीपी म्हणजे रोजच्या व्यवहारांची यंत्रणा). सर्टिफिकेटचा डिजिटल बॅज लिंकसकट द्या. आणि ०८२ झाली, ०८३ बाकी, अशा अवस्थेत 'ओसीपी' लिहू नका. पडताळणी दोन क्लिकमध्ये होते. कोणती परीक्षा पास आहे आणि पुढची कोणत्या महिन्यात देणार, तेवढेच लिहा.